पायाशी पडलेली सावली

कुमुदिनीबाईंनी चष्मा पुसून पन्हाळ्याचा फोटो पुन्हा पाहिला. त्यांच्या पायाशी आता नुसतं गवत होतं.

त्यांचे यजमान मोरेश्वरराव कायम ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचे. ते स्वतः कधीच फोटोत आले नाहीत. यायची ती कोपरं फाकवलेली त्यांची लांब सावली. ते गेल्यावर बाईंकडे तेवढीच उरली होती. आणि काल फोनने आपणहून सगळे जुने फोटो सुधारले होते.

“आत्या, किती स्वच्छ झालेत बघ!” भाचा फोनवर म्हणाला. “मूळ फोटो? ते आता कुठले मिळायला!”

संध्याकाळी बाई गच्चीवर गेल्या. ऊन पाठीशी घेऊन, कोपरं फाकवून त्यांनी स्वतःच्या सावलीचा फोटो काढला.

पडद्यावर रिकामी गच्ची उमटली. खाली अक्षरं आली: ‘नको ते काढून टाकलं आहे.’