रिकाम्या पोटी

"सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही ना?" सिस्टरने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," तिने तिसऱ्यांदा सांगितलं. आणि तेवढ्यात तिला बाळाची वाटी आठवली.

निघण्यापूर्वी तिने बाळाला मऊ भात भरवला होता. भरवताना प्रत्येक घास आधी तिच्या जिभेला लागायचा. ती हाताची सवय, तिला विचारून थोडीच व्हायची! आज लागला का? आठवेना.

सांगितलं तर सगळं खोळंबणार. तिच्या पित्ताच्या नळीत खडा अडकलेला, मागे पू साठलेला. डोळे पिवळेजर्द, अंगात ताप. "पोट फाडायचे दिवस गेले, तोंडातून दुर्बीण घालून खडा काढू. पण आजच," मोठे डॉक्टर म्हणाले होते. नाही सांगितलं, आणि गुंगीत पोटातलं उलटून छातीत गेलं, तर जिवावर बेतेल. तेही त्यांनीच बजावलं होतं.

"सिस्टर, बाहेर माझ्या सासूबाई आहेत. त्यांना विचारता? मी भात चाखला का म्हणून?"

सासूबाई बाळाला कडेवर घेऊन दारात आल्या. "चाखला का म्हणजे? अहो, निम्मा हिच्याच पोटात जातो! चाखल्याशिवाय पोराला पाणीसुद्धा देत नाही आमची सून." बोलता बोलता त्यांनी सिस्टरचा चेहरा पाहिला. हात तोंडावर गेला. "अगं बाई! माझं मेलीचं लक्ष कुठं होतं?"

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या आत जाऊन मोठ्या डॉक्टरांशी बोलून आल्या.

"थांबता येणार नाही, ताप चढतोय. पण नुसत्या गुंगीवर नको. पूर्ण झोपवू आणि आधी श्वासनळीत नळी घालू, म्हणजे पोटातलं वर आलं तरी छातीत उतरणार नाही. धोका थोडा राहतोच. बरं झालं सांगितलंस."

ट्रॉली आत वळली, दार मिटलं. बाळाचं रडणं बारीक होत गेलं.

"अजून काही सांगायचं राहिलंय?" सिस्टरने फॉर्मवर पेन टेकवलं. "हलणारा दात, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी?"

तिने नकारार्थी मान हलवली, मग म्हणाली,

"माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय बाळ झोपत नाही. सासूबाईंच्या कानातलं टोचतं त्याला. काढून ठेवा म्हणावं."

सिस्टरने तेही लिहून घेतलं.