तेल वर, पाणी खाली

घरच्या घरी केसांचं कंडिशनर बनवून विकणाऱ्या थोरली आणि धाकटी या जावांमधून सध्या विस्तव जात नव्हता. त्यात आज तेल आणि पाणी एकजीव करणाऱ्या मेणाची पिशवीच गायब झाली, तीही दोन्ही पातेली तापल्यावर!

“तू ओत, मी घुसळते,” थोरली नाइलाजाने बोलली. पण हात जरा थांबला की तेल पुन्हा वर. आधी पिशवी कुणी हरवली यावरून जुंपली, मग नवऱ्यांच्या वेंधळेपणावर गाडी घसरली आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या. कंडिशनरचा मात्र पार बट्ट्याबोळ.

थोरली बाहेर चहा द्यायला गेली, तर सासऱ्यांच्या खिशातून मेणाची पिशवी डोकावत होती.



ती अलगद आत सारत थोरली कुजबुजली, “मामंजी, उद्याही सापडू देऊ नका हं.”