सगळ्यांत जास्त रेषा

शिनोलीत एक खोटी लग्नपत्रिका फोनोफोनी पसरत होती. उघडली की खात्यातले पैसे जायचे आणि पत्रिका आपोआप पुढे जायची. धरमचंद शेठची रिद्धी अशा व्हायरसच्या प्रसाराचं गणित शिकते. कोण कोणत्या नंबरला रोज मेसेज करतं, एवढंच घरोघरी विचारून तिने नकाशा मांडला: प्रत्येक फोन एक ठिपका, मेसेज जातात तिथे रेषा.

"काका, सगळ्यांत जास्त रेषा या नंबरला आहेत. हा एक फोन आत्ता पुसून कोरा केला, तरच साथ थांबेल."

तो माझ्या बायकोचा, सुप्रियाचा नंबर होता. ती जाऊन वर्ष होत आलं. त्यात रेकॉर्ड झालेला तिचा आवाज ऐकायला मी तो फोन चालू ठेवलाय. त्यावर आलेली ती पत्रिका तेवढी मी उघडली होती, बाकी मेसेज कधी वाचले नाहीत. फोन पुसला की आवाजही जाणार.

"मेलेल्या बाईला कोण मेसेज करतं? तुझं गणित चुकलंय," फोन मुठीत धरून मी ओरडलो.

शेजारच्या गजराबाईनं हात पुढं केला.


"भाऊ, गणित बरोबर हाय. आमी बाया अजून समदं तिलाच सांगतो. द्या तो फोन, तिनं बोलून धाडलेले मेसेज आमच्या फोनांत हायेत, तिचा आवाज आमच्याकडं बी हाय."