खंडेनवमीचा कटर

खंडेनवमीला शिरोलीच्या कारखान्यातली हत्यारं पूजेत मांडली आणि तेव्हाच पंपाची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी दारात आली. तिच्यात पाइपासाठी चार इंची निमुळते आटे आजच पाडायचे होते. “पूजेतला कटर उचलायचा न्हाय. ह्यो पूजेबाहेर राहिलेला आटे पाडायचा टॅप लाव,” मालक अप्पांनी बजावलं. मशीन चालवणाऱ्या पवित्रानं तो दोन्ही हातांनी उचलून बघितला. घागरीएवढा टॅप सगळे आटे एकदम ओरबाडणार! गेल्या वेळी तो असा अडकला म्हणे, की टॅप जागेवर आणि मशीनच गरागरा फिरत पेठ वडगावला पोचलं. गोल फिरत थोडंथोडं कापणारा कटर अंबाबाईपुढं बसलेला. बॉडी फुटली तर नोकरी जाणार. देवी कोपली तर? तिनं कटर उचलून मशीनमध्ये बसवला. “थांब पोरी!” मागंच अप्पा! त्यांनी टॅपकडं पाहिलं, देवीपुढं कान धरले. “हार तरी काढ! झेंडूसकट आटे पाडतीस व्हय?”