तिसऱ्या सिलिंडरचा आकडा

चौसाळ्याच्या माळावरच्या शेडमध्ये अभिमन्यूनं दोन सीटचं विमान स्वतःच्या हातानं बांधलं होतं. आज ते पहिल्यांदा उडणार होतं आणि इंजिनाच्या तापमानाचं मीटर खोटं बोलत होतं. थंडीची सकाळ, इंजिन बंद. चारपैकी पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर अठरा अंशांवर, तिसरा मात्र सदतीस.

संशय चुलतभाऊ शहादेववरच. अभिमन्यूनं शेजारची सीट नाकारल्यापासून त्याच्या पोटात दुखत होतं.

“सेन्सरच्या कनेक्टरला हात कशाला लावला रे?”

“दसऱ्याला हळद लावली, तेवढीच. बाकी काय केलं न्हाई, दादा.”

अभिमन्यूनं चारही कनेक्टर उपटले. तीन आकडे गेले. सदतीस तसाच.

“चोरून वायर कुठं जोडलीस? वर हवेत इंजिन जळालं तर मरणार मी. तुझं काय जातंय?”

शहादेव दारात जाऊन उभा राहिला.

वायर शोधायला अभिमन्यू पायलटच्या सीटवर बसला. मीटरवर चौथ्या सिलिंडरचा आकडा उमटला. माणसाच्या अंगाची ऊब असते तेवढाच, सदतीस.

तो उतरला. चौथा आकडा गेला. पुन्हा बसला. आकडा आला. तिसरा जागचा हललाच नव्हता.

“दादा,” शहादेव दारातूनच म्हणाला, “शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा तुमी आवळला का?”