झामसिंगचा नाश्ता

“सांगतलं तर कोणी मानणार नाही, सिस्टर,” झामसिंग बाकावरूनच म्हणाला, “पण सकाळी मी चार वाट्या भात अन् लाल मिरचीची चटणी खाऊन आलो. उष्टं ताट आमच्या म्हशीनं चाटलं. तवापासून म्हैस तलावात बसून आहे. बाहेर निघायले तयारच नाही.”

बाक हसला. गोंदियाच्या त्या दवाखान्यात कॅन्सरवर मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आलेली ती माणसं. हसायला त्यांच्याजवळ एक झामसिंगच होता. रेणू सिस्टरही हसली. तिच्या हातात त्याचं कार्ड होतं. तेरा शेक झाले होते, बारा बाकी होते.

“म्हैस राहू द्या, काका. गिळताना दुखते का?”

“तेच तर सांगून राहिलो. हा गळा आहे का नाला? काहीबी टाका, वाहून जाते.”

दोन हात दूर, भिंतीकडे तोंड करून, नाकापर्यंत पदर ओढून त्याची सून भूमेश्वरी बसली होती. धानाची रोवणी लागली म्हणून तिचा नवरा टिकेश बांधीत चिखल तुडवत होता, आणि आमगावहून सासऱ्याला आणण्या-नेण्याचं काम तिच्याकडे आलं होतं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरनं तिच्यासमोर सगळं समजावलं होतं. शेक छातीला असला तरी आत अन्ननळी सोलवटते. थंड अन् मऊ खायचं, चहा निववून प्यायचा, तिखट बंद. गिळताना जरा टोचलं की त्याच दिवशी सांगायचं. औषध वेळेवर लागलं तर खाणं सुटत नाही. खाणं सुटलं तर शेक मध्येच थांबवावा लागतो.

एवढ्या बोलण्यातलं झामसिंगनं शेवटचं तेवढं गाठीला बांधून घेतलं: शेक थांबवावा लागतो. म्हणून त्याला काही दुखतच नव्हतं.

पण घोटभर पाणी पिताना तो ओसरीचा खांब धरतो, हे भूमेश्वरी पाहत होती. तिनं टिकेशला विचारायला लावलं. बापानं त्याला नागझिऱ्याच्या अस्वलाची गोष्ट सांगून वाटेला लावलं. सिस्टर भेटायची ती सासऱ्यासमोरच. आणि सासऱ्यासमोर, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी, तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. घरात काही सांगायचं असलं की ती भिंतीला सांगायची, झामसिंग भिंतीकडून ऐकायचा. दोघांचंही त्यात नीट चाललं होतं.

रेणूनं पेन उघडलं. “म्हणजे त्रास नाही. लिहू?”

“लिवा.”

“नका लिहू, बाई.”

आवाज कुठून आला ते आधी कोणालाच कळलं नाही. झामसिंगनं सवयीनं भिंतीकडे पाहिलं.

भूमेश्वरी उठून उभी राहिली होती. पदर होता तिथंच होता. तोंड मात्र सिस्टरकडून वळून सरळ त्याच्याकडे झालं.

“खोटं बोलून राहिले तुमी, मामाजी. तीन दिवस झाले, तुमची पेज कुत्रा खाऊन राहिला.”