धपाटा

ती लग्न होऊन घरात आली, तेव्हा नवऱ्याची मुलगी पाच वर्षांची होती. कुणी 'सावत्र' म्हणून बोट दाखवू नये, म्हणून तिने मुलीवर कधीच आवाज चढवला नाही. पोटच्या मुलाला मात्र उठता-बसता बोलणी खावी लागत.

परवा दोघं भावंडं न सांगता नदीवर पोहायला गेली आणि दिवेलागणीला ओलीचिंब परतली. तिने मुलाच्या पाठीत धपाटा घातला, "बुडला असतास म्हणजे?" म्हणत त्याला पोटाशी धरलं आणि रडली. मग डोळे पुसून मुलीला हळूच म्हणाली, "कपडे बदल हं बाळा, सर्दी होईल."

मुलगी दारातच उभी राहिली.



"आणि मी बुडाले असते, तर चाललं असतं का गं आई?"